सासूबाई मोरीत घसरल्या, त्यानंतरचे अडीच महिने

हे प्रकरण माझ्या सहशिक्षिकेचं आहे. तिला विचारून लिहिते आहे, पण नाव, गाव, तालुका देत नाही. नाशिक आणि नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांच्या सीमेवरच्या डोंगरपट्ट्यात, भाताच्या खाचरांमधल्या एका वाडीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ४१. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून आम्ही दोघीच. मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे आहे. ती माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान.

या प्रकरणात मीही गुंतलेली आहे, हे आधीच सांगते. ती रजेवर गेली की चारही वर्ग माझ्या अंगावर येतात. त्यामुळे मी काही बाहेरून बघणारी नव्हते, आणि सुरुवातीला माझंही चुकलं.

३१ ऑगस्ट २०२३. राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस. सकाळी सातच्या आधीच तिचा फोन आला. "ताई, आई मोरीत घसरल्या. उठवत नाहीये त्यांना. पाय एका बाजूला वळलाय." नातवाच्या अंघोळीचं पाणी विसणायला सासूबाई मोरीत गेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून अर्धा सांधा बदलला. डॉक्टरांनी लगेच वॉकर धरून उभं राहायला लावलं, पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि तीन महिने तरी जवळ कुणीतरी हवं, असं बजावलं.

सासूबाई ६६ वर्षांच्या. सासरे काही वर्षांपूर्वीच गेले. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कायम कामगार, दर आठवड्याला पाळी बदलते. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. कंपनीची बस शहरातून सुटते म्हणून बिऱ्हाड शहरात. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. वाडीवर राहिली असती तर मूल तिच्याजवळ राहिलं असतं, पण सासूबाई आणि नवरा एकीकडे आणि ती दुसरीकडे, असं घर मोडलं असतं. ती सकाळी साडेसातला घर सोडते, बाजाराच्या गावापर्यंत एसटीने येते, तिथून स्कूटीने घाट चढून शाळेत. परत घरी पोचायला सव्वासात होतात. म्हणजे रोज पावणेबारा तास ती घराबाहेर.

प्रकरणाचं मूळ या पावणेबारा तासांत आहे. तिची १८० दिवसांची प्रसूती रजा ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि ती हजर झाली, तेव्हा आम्ही सगळेच म्हणायचो की छान बसलीय घडी. घडी बसली नव्हती, सासूबाई बसल्या होत्या. सहा महिन्यांचं बाळ त्यांनी हातात घेतलं, रांगत्याला चालता केला, दोन्ही गुडघे दुखत असताना त्याच्यामागे धावल्या. एक वर्ष, रोज पावणेबारा तास. त्याला घरात कुणी काम म्हटलं नाही. त्या पडल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं, की सुनेची नोकरी त्यांच्या पायांवर उभी होती. आता मूल सांभाळणारं माणूस गेलं होतं, आणि तेच माणूस अंथरुणात होतं. एका क्षणात एकाची दोन कामं झाली.

पहिले दोन आठवडे जसे जातात तसेच गेले. उरलेल्या पाच नैमित्तिक रजा दवाखान्यात संपल्या. मग निफाडहून तिची आई आली. पण आईचं स्वतःचं रान, कांद्याचं रोप टाकायचे दिवस, घरी फक्त भाऊ आणि वहिनी. पंधराव्या दिवशी आई परतली. जाताना म्हणाली, "माझं लेकरू माझ्याने बघवत नाही, पण तिकडेही कुणी नाही." दिवसभरासाठी बाई ठेवायची चौकशी केली. मागितलेले पैसे परवडणारे नव्हते, आणि सासूबाई परक्या बाईच्या हातून काही करून घ्यायला तयार नव्हत्या. मुलाच्या हातून तर त्याहून नाही. "लेकाने मला न्हाऊ घालायचं? त्यापेक्षा मेलेली बरी." अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते, तेही काही तास. शहरात एका काकूंचं घरगुती पाळणाघर होतं, पण ते संध्याकाळी सहाला बंद. तिला सव्वासातपर्यंत हवं होतं. काकू नाही म्हणाल्या. विषय संपला.

मग एक दिवस ती मुलाला घेऊनच शाळेत आली.

इथे मला थोडं थांबून सांगायचंय. पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं. वर्गात दीड वर्षाचं पोर आलं की शाळा उजळते. मुलांनी त्याला खडूने रंगवलं, खिचडीच्या वेळी भरवलं. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, की ते एका मुलीच्या कडेवरच असतं. चौथीतली मुलगी, हुशार, भागाकार पहिल्यांदा तिलाच जमायचा. बाईंचं बाळ रडलं की ती न सांगता उठायची, त्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायची. तिला सवय होती. त्याच जुलैत, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत, ती सलग नऊ दिवस आली नव्हती. मी तिच्या घरी गेले होते. आईवडील खाचरात, आणि ही अंगणात धाकट्या भावाला घेऊन बसलेली. मीच तिच्या आईला बांधावर जाऊन सांगितलं होतं, पोरीचं वर्ष वाया जातंय, भावाचं काहीतरी बघा, हिला शाळेत पाठवा. आई पाठवायलाही लागली. आणि आता सप्टेंबरात तीच पोर शाळेत येऊन तेच करत होती, फक्त कडेवरचं मूल शिक्षिकेचं होतं.

मी सहशिक्षिकेला स्टाफरूममध्ये, म्हणजे कपाटामागच्या कोपऱ्यात, बोलले. नको तितक्या कडक शब्दांत बोलले. "हे चालणार नाही. तुमची अडचण तुम्ही घरी सोडवा." ती काही बोलली नाही. शाळा सुटल्यावर स्कूटीला किल्ली लावता लावता म्हणाली, "घरी म्हणजे कुणाकडे, ताई?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी मुलं लहान असताना माझ्याही सासूबाई होत्या. मी दोन्ही मुलं वाढवून नोकरी केली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. खरं म्हणजे त्यांनी वाढवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मधल्या सुटीत एक तक्ता आखला. शाळेचं वेळापत्रक आखतो तसाच: आडवे सात वार, उभे चोवीस तास. घरातली चारही माणसं वेगवेगळ्या रंगाच्या खडूने. कोण कुठे, कोण कुणाजवळ. पाळीप्रमाणे असे तीन तक्ते झाले. शिक्षिकांना दुसरं काय येतं, पण यानेच प्रकरण हललं, म्हणून सविस्तर देते.

नवऱ्याची पहिली पाळी असते तेव्हा तो पहाटे सहाला निघतो आणि साडेचारला परततो. म्हणजे सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार घरात धडधाकट माणूस कुणी नाही. नऊ तासांचं भोक. दुसऱ्या पाळीला तो अडीचला निघतो, म्हणजे अडीच ते सव्वासात, पावणेपाच तास. तिसऱ्या पाळीला सकाळी आठला येतो आणि दिवसभर घरी असतो. घरातले सगळे या आठवड्याला "सोपा आठवडा" म्हणायचे. तक्त्यात मात्र तो रात्रभर जागलेला माणूस होता, त्याला सहा तास झोप द्यायलाच हवी होती. सप्टेंबरात तो झोपेशिवाय मशीनवर उभा राहत होता. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, त्याच्यासुद्धा.

मग तिचा स्वतःचा रकाना. पहाटे साडेचार ते साडेसात आणि संध्याकाळी सव्वासात ते अकरा: स्वयंपाक, भांडी, कपडे, मूल, सासूबाईंची औषधं, कमोडची खुर्ची, व्यायाम. पावणेसात तास, नोकरी आणि प्रवास सोडून. नवऱ्याच्या रकान्यात दीड तास भरला. तो तक्ता तिने घरी नेऊन भिंतीला लावला. त्याने दोन दिवस पाहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं मी घरीच असतो." तो वाईट माणूस नाही, हे मी त्याला ओळखते म्हणून सांगते. देशभराचं चित्रही फार वेगळं नाही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावरची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे.

तक्त्याने अडचण कमी झाली नाही, पण तिचा आकार कळला. "दिवसभर माणूस हवं" हे वाक्य खोटं होतं. तीन आठवड्यांत तीन वेगवेगळी भोकं होती, आणि सासूबाईंचं व मुलाचं वेगवेगळं होतं. सासूबाईंना खरी परक्या हाताची गरज सकाळच्या दोन तासांची: अंघोळ, कपडे, व्यायाम. बाकी वेळ हाकेच्या अंतरावर कुणी असलं आणि पाणी-औषध हाताशी असलं, की भागणार होतं.

पण तेही जखम भरल्यावर. त्याआधीचे काही आठवडे तिला घरी राहणं भागच होतं. म्हणून बालसंगोपन रजा.

राज्य सरकारने जुलै २०१८ मध्ये ही रजा लागू केली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही ती आहे. पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन अपत्यांसाठी, पूर्ण पगारी. केंद्र सरकारच्या कर्मचारी महिलांना २००८ पासून ७३० दिवस आहेत. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, कितीतरी जणींनी ही रजा कधी मागितलेलीच नाही. कारण रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि मागायला गेलं की प्रश्न येतो, शाळा कोण बघणार? हा प्रश्न गैर नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत रजेवर गेलेल्या बाईच्या जागी माणूस येत नाही. कागदावर हक्क आहे आणि त्याचा भार शेजारच्या खुर्चीवर. म्हणून बायका एकमेकींना लाजून रजा घेत नाहीत. मला हे सांगताना संकोच वाटतो, पण ती रजा मागेल अशी मलाही धास्ती होती, आणि तिला ती दिसत होती.

याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. पुरुष कर्मचाऱ्यालाही ही रजा मिळते, पण त्याची पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. बाई हिंडतीफिरती असेल तोवर मूल बापाचं नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. तिच्या नवऱ्याने कारखान्यात महिनाभर पाळी न बदलण्याची विनंती केली, तेव्हा त्याच्या वरिष्ठाने विचारलं, "बायको आहे ना?" खासगी नोकरीत वडिलांना रजा देणारा कायदा तर देशात नाहीच. नियम सरकारी आणि प्रश्न खासगी, पण दोन्ही एकाच तोंडून आल्यासारखे.

तिने ३ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर अशी ३९ दिवसांची रजा मागितली. पुढे लगेच दिवाळीची सुटी. अर्ज मी स्वतः शिफारस करून पुढे पाठवला. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली आणि सरळ सांगितलं, की इतके दिवस मी एकटी आहे.

त्या ३९ दिवसांबद्दल थोडक्यात. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या, मी मधल्या दारात. समितीने वाडीतली एक बारावी झालेली मुलगी पहिलीजवळ बसायला दिली. ती आमचीच जुनी विद्यार्थिनी. तिचं मानधन आम्ही दोघींनी पदरचं दिलं. दुपारी माझा आवाज बसायचा. ऑनलाइन माहिती भरायची कामं रात्री. चौथीचं गणित मागे पडलं, ते डिसेंबरात भरून काढलं. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मुलांचं नुकसान झालं, आणि ते व्हायला नको होतं. केंद्रात एखादा फिरता शिक्षक असता तर ते टळलं असतं.

मुख्य गोष्ट त्या बैठकीत घडली. रजेचा विषय समजावून सांगत असताना समितीतल्या एक सदस्या, त्या चौथीतल्या मुलीची आईच, म्हणाल्या, "बाईला लेकरासाठी रजा हाय, ते चांगलंच हाय. आम्हाला आवणीला कुठली रजा, बाई? लेकरू पोरीच्या कडंवर दिल्याबिगर पाय चिखलात टाकता येत नाही." रागाने बोलल्या नाहीत. विचारलं नुसतं. जुलैत मी त्यांच्या बांधावर जाऊन काय बोलले होते, ते त्यांना आणि मला दोघींनाही आठवलं.

हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होते असं नाही. डीएडला असताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बोर्डी आणि मग कोसबाड, ठाणे जिल्ह्याचा, आताच्या पालघरचा आदिवासी भाग. शाळेत मुली का येत नाहीत, तर धाकटी भावंडं सांभाळतात. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या: मुलगी भावंडाला घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवेल आणि शेजारच्या वर्गात बसेल. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाऊण शतकापूर्वीचं हे उत्तर. मी ते लिहून गुण मिळवले आणि वीस वर्षं डोंगरात नोकरी केली, पण स्वतःच्या शाळेच्या व्हरांड्याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नाही.

तिच्या घराचं पुढे असं बसलं. रजेच्या पहिल्या आठवड्यात तिने सासूबाईंना सकाळी दोन तास येणाऱ्या मावशींची सवय लावली. आधी ती स्वतः न्हाऊ घालायची आणि मावशी नुसत्या पाणी द्यायच्या. दहा दिवसांनी उलट. सासूबाईंना परकी बाई नको नव्हती, पहिल्याच दिवशी अंगाला हात लावणारी परकी बाई नको होती. वॉकर धरून चालवणं, जेवण, औषधं, दवाखान्याच्या खेपा नवऱ्याकडे गेल्या. लेकाचा हात धरून चालायला त्यांची हरकत नव्हतीच.

पाळणाघराच्या काकूंकडे ती पुन्हा गेली, या वेळी तक्ता घेऊन. रोज सव्वासातपर्यंत मूल ठेवायला त्या तयार नव्हत्या. "तीन आठवड्यांतून एकच आठवडा सव्वासात, त्याचे जास्त पैसे, बाकीचे दोन आठवडे साडेचारच्या आतच नेऊ," असं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. सप्टेंबरात आम्ही त्यांना मोठं काहीतरी मागितलं होतं, म्हणून नकार आला होता. पहिल्या पाळीच्या आठवड्यात नवरा कामावरून येतानाच मुलाला घेतो, दुसऱ्या पाळीत जाताना सोडतो, तिसऱ्या पाळीत झोप झाली की तीनला जाऊन आणतो. नोव्हेंबरअखेर शाळा उघडली तेव्हा ती हजर झाली. मूल शाळेत पुन्हा आलं नाही, स्नेहसंमेलनाचा एक दिवस सोडून.

खर्च वाढला. तिच्या पगारातून दरमहा बरीच रक्कम मावशींना आणि काकूंना जाते, आणि सासरच्या नातेवाइकांत "मग नोकरी कशाला?" हे बोललं गेलंच. उत्तर तिच्याआधी सासूबाईंनी दिलं. त्या खाटेवर बसून मटार सोलत होत्या. "माझ्या पायाचा खर्च तिच्या नोकरीतून झाला," म्हणाल्या, आणि सोलतच राहिल्या.

सासूबाई आता काठीवर चालतात. त्या नातवाला डोळ्यांनी सांभाळतात, हातांनी नाही. तो दार उघडायला गेला तर हाक मारतात, पकडायला दुसरं कुणी लागतं. हा फरक घरात सगळ्यांना समजावून सांगावा लागला, कारण त्या चालायला लागल्याबरोबर "आता आई आहेतच की" हे वाक्य परत आलं होतं. तिने तक्ता भिंतीवरून काढू दिला नाही.

सुटलं नाही ते सासूबाईंचं. त्यांच्या आजारपणासाठी म्हणून सुनेला किंवा लेकाला रजा कुठेच नाही. तिने घेतलेली रजा कागदावर मुलासाठी होती, आणि त्या ३९ दिवसांतला निम्मा वेळ वॉकरपाशी गेला. पुढचं दुखणं आलं तर पुन्हा मुलाच्याच खात्यातून दिवस काढावे लागतील. सेवापुस्तकात आता १४१ शिल्लक आहेत. मुलाच्या दहावीपर्यंत पुरवायचेत, असं ती म्हणते. बदलीचा मार्गही तिला बंदच. ऑनलाइन बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग आहे, पण खासगी कारखान्यातली नोकरी त्यात धरत नाहीत.

२०२४ च्या आवणीत आम्ही शाळेच्या व्हरांड्याला एका बाजूने बांबूची ताटी लावली. वाडीतल्या दोन आज्या, ज्यांचे हात आता आवणीला चालत नाहीत, सकाळी येऊन बसायच्या. अंगणवाडीच्या ताई अधूनमधून डोकवायच्या. आठ लहान मुलं असायची. भावंडांसाठी दर जुलैत घरी राहणाऱ्या चार मुलींपैकी तिघी रोज आल्या, एक आली नाही. आज्यांना काही द्यायला हवं होतं, ते समितीने भाताच्या रूपात ठरवलं. ताटीमागे रडारड सुरू झाली की वर्गातल्या मुली अजून चुळबुळायच्या. तेव्हा माझ्या या सहशिक्षिका मॅडम फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणायच्या, "आज्या आहेत. तू गणित कर."